सात, दोन आणि एक

पेल्यांवर गरम पाणी पडल्यापासून शेवटची चिठ्ठी वाचून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा आजोबांचा नियम. आजोबांच्या माघारी या घरात किती नियम मोडले याला गणती नाही; हा मात्र टिकला. टिकला याचं नवल नाही. तो पाळायला नुसतं तोंड बंद ठेवावं लागतं, आणि तेवढं या घरातल्या सगळ्यांना उत्तम जमतं.

त्या सकाळी चाखणीच्या खोलीत फिरत्या टेबलाभोवती पाचजण होते. अप्पा खुर्चीत, बाकीचे उभे. अप्पांच्या उजव्या हाताला त्यांची थोरली बहीण, म्हणजे मुलांची आत्या. चाळीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन डोंगरावर गेली आणि तेव्हापासून दर वर्षी कॉफीची वेचणी संपली की नमुन्याच्या पिशव्या घेऊन खाली उतरते. तिच्या मागे तिचा मुलगा. त्याला दोन्ही घरांत मौनी म्हणतात. आजोबांनी तो नियम याला डोळ्यांसमोर ठेवूनच केला असावा, असं थोरला दर वर्षी म्हणतो आणि दर वर्षी एकटाच हसतो. थोरला म्हणजे अप्पांचा मुलगा. भाजण्याची भट्टी त्याच्याकडे. त्याच्या शेजारी त्याची बायको, जी पुढच्या दुकानात एस्प्रेसोच्या मशीनवर उभी असते. अप्पांची बायको, माई, खिडकीपाशी स्टुलावर. ती चाखत नाही. पाणी तापवते आणि घड्याळ बघते.

धाकटी, म्हणजे थोरल्याची बहीण, आत नव्हती. ती दाराबाहेर, पोत्यांच्या थप्पीजवळ लांब बाकावर पिशव्यांना लेबलं चिकटवत होती. दार उघडं होतं. गेली तीन वर्षं चाखणीच्या दिवशी ते असंच उघडं असतं आणि धाकटी आत बघत नाही. ती कॉफीही पीत नाही. कॉफीवाल्याची मुलगी चहा पिते म्हणून पुढच्या दुकानात गिऱ्हाइकं तिची थट्टा करतात, तेव्हा तीही हसून घेते.

लेबलावर ठळक छापलेलं असतं: सात-दोन-एक. सात भाग पायथ्याच्या मळ्यांतलं बी, दोन भाग मधल्या वस्त्यांतलं, आणि एक भाग आत्याच्या शेतातल्या सगळ्यात वरच्या टप्प्यावरचं. आत्याचं लग्न झालं त्याच वर्षी आजोबांनी हे मिश्रण बसवलं. सातामुळे पेल्याला अंग येतं, दोनामुळे गोडी, असं ते समजावून सांगत. एकामुळे काय येतं हे मात्र त्यांना कधी धड सांगता आलं नाही. ते नसलं की कळतं, एवढंच म्हणत.

"चार मिनिटं," माई म्हणाली. नियमातून तिला एवढी सूट होती.

सात, दोन आणि एक या तिन्ही नमुन्यांच्या पेल्यांवर भुकटीची जाड साय धरली होती. अप्पांनी चमचा घेतला, पहिल्या पेल्यावर वाकून नाक अगदी कडेला नेलं, साय फोडली आणि डोळे मिटले. हे दृश्य पाहायला पूर्वी लांबून माणसं यायची. टेबल फिरलं. दुसरा पेला, तिसरा. मग चमच्यांनी सुर्रकन ओढलेल्या घोटांचे आवाज, थुंकदाणीत टाकलेल्या चुळा, आणि पेन्सिलींची खरखर. तीन फेऱ्या झाल्या. थोरल्यानं चिठ्ठ्या गोळा करून एकेक वाचली. अप्पांची शेवटची, कारण तीच धरली जाते.

"जसं होतं तसं," त्यानं वाचलं आणि चिठ्ठ्या भिंतीवरच्या तारेत ओवल्या.

थोरला सकाळपासून नुसता फुलून गेला होता. गेले चार महिने त्यानं ज्यांचा पिच्छा पुरवला होता त्या शहरातल्या मोठ्या कॅफेवाल्यांनी आदल्या दिवशी होकार कळवला होता, आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. आता त्यानं ते सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांच्या एकूण एक दुकानांत आपलीच कॉफी लागणार. भट्टी दोन पाळ्यांत चालवावी लागणार. आणि त्यांना फक्त एकच हवं होतं: वरचा टप्पा. पुढच्या बुधवारी त्यांची माणसं कॅमेरे घेऊन डोंगरावर येतील, झाडांमध्ये आत्याला उभी करून फोटो काढतील, आणि तिचा तो फोटो प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर लागेल. आत्या, नवीन साडी घे, असंही तो म्हणाला.

आत्यानं टेबलाची कड धरली. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं थोरल्याला दिसलं, पण फोटोची लाज वाटत असेल असं त्यानं धरलं आणि तो पुढे बोलतच राहिला.

"वर झाडं नाहीत," मौनी म्हणाला.

थोरला हसला. "वेचणी झाली, हे माहीत आहे रे. फळं नकोत त्यांना. झाडं दिसली की झालं."

"झाडं नाहीत म्हणतोय मी. खोडंसुद्धा नाहीत. जाळली."

आणि ज्या माणसाला घरातल्यांनी आजवर हो, नाही आणि निघतो याच्यापलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं, तो बोलत राहिला. खाली बघून, एका सुरात, कुणी मध्ये थांबवलं तर परत सुरू करता येणार नाही अशा घाईनं. चार वर्षांपूर्वी पानांच्या मागच्या बाजूला तांबेरा दिसला. बोटाला लागायची नारिंगी भुकटी. आधी ओळीच्या टोकाची दोन-चार झाडं, आणि महिन्याभरात सगळा टप्पा. पानं गळाली आणि नेमक्या फुलोऱ्याच्या दिवसांत झाडं उघडी पडली. त्यानं फवारे मारले, सावलीची झाडं छाटली, खालच्या गावातल्या शेतकी खात्याच्या माणसाला जवळजवळ पाठीवर बसवूनच वर आणलं. त्या माणसानं एक पान उलटं केलं आणि कुऱ्हाड घ्या म्हणाला. अकराशे झाडं. त्याच्या वडिलांकडच्या आजोबांच्या हातची. पलीकडच्या तीन घरांचीही तीच गत झाली होती, म्हणून चारही घरांनी मिळून एकमेकांच्या टप्प्यांवर कुऱ्हाड चालवली. आपलं झाड आपण तोडायचं नाही असं ठरवून. नऊ दिवस लागले. धूर वरच्या धुक्यात अडकून बसला आणि कितीतरी दिवस हलला नाही.

"आता नवी रोपं लावली आहेत," तो म्हणाला. "दुसऱ्या जातीची. रोग न घेणारी. पुढच्या वर्षी धरतील. चव कशी येईल, ते माहीत नाही."

"आणि आम्हाला पाठवता ते?" थोरल्यानं विचारलं.

"ओढ्याकाठचं. खालच्या पट्टीतलं."

"कधीपासून?"

"ही चौथी वेचणी."

थोरल्याच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. तिला दुकानातलं ग्राइंडर आठवलं. तीन वर्षांपूर्वी एस्प्रेसो एकाएकी भराभर पेल्यात उतरायला लागली होती, पातळ, फिकट. म्हणून तिनं दळण दोन खाचा बारीक केलं होतं. मशीन बिघडलं म्हणून कारागिराला दोनदा बोलावलं. काही बिघाड नाही हो ताई, असं तो दोन्ही वेळा सांगून गेला आणि तिनं त्यालाच अडाणी ठरवलं. वरच्या थंडीत पिकलेली बी टणक असते, खालची भुसभुशीत, हे तिला पाठ होतं. रोज सकाळी तिचे हात तिला सांगत होते आणि तिनं हातांचं ऐकलं नव्हतं.

"आत्या, एका शब्दानं तरी सांगायचं होतंस," थोरला म्हणाला. "मी कराराचं पत्र पाठवलंय. त्यात वरचा टप्पा म्हणून लिहिलंय. माझी काय अब्रू राहिली?"

आत्याला त्याचं ऐकूच येत नव्हतं. ती भावाकडे बघत होती. सगळं फुटलं याची धडकी भरली होती, पण एक मोठं ओझं उतरतही होतं. तीन वर्षं जे तिनं मनात धरून ठेवलं ते आता बोलता येणार होतं.

"अप्पाला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच्यावर कुणी आवाज चढवायचा नाही. आणि माझ्या मुलावरही नाही." मग ती अप्पांकडे वळली. "पहिल्या वर्षी मी सांगायलाच आले होते रे. पण मला तोंड उघडवेना. म्हटलं, पेला तुझ्यापुढे ठेवते. तू वास घेशील, तुला कळेल, आणि तू विचारलंस की सांगते. तू साय फोडलीस. डोळे मिटलेस. आणि लिहिलंस, जसं होतं तसं. मी घरी जाईपर्यंत रडत गेले. म्हटलं, माझ्या भावाला सगळं कळलं आणि त्यानं माझं घर झाकलं. आमचा माल नाकारला असतास तर आम्ही त्या वर्षी डोंगर सोडला असता. रोज सकाळी चूल पेटवताना तुझं नाव घेते मी."

अप्पांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग त्यावर असं काहीतरी आलं की ते पाहून आत्याचे शब्द तोंडातच राहिले. तो भाव ओळखीचा होता. लहानपणी चोरी पकडली गेली की तिचा भाऊ असाच दिसायचा.

"अक्का," अप्पा म्हणाले, "मला काहीच कळलं नव्हतं."

आत्याला प्रथम अर्थच लागला नाही. मग लागला, आणि तिला खाली बसावं लागलं. मौनीनं पोतं ओढून दिलं. तीन वर्षं जिच्या जोरावर ती ताठ मानेनं जगली ती माया नव्हतीच. तिनं मनातल्या मनात ज्याचे पाय धरले होते त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"तुला कळलं नाही?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. "तुला? अरे, तू डोळे बांधून, नुसत्या वासावरून झाडांच्या ओळी सांगायचास."

दारात धाकटी उभी होती.

ती केव्हा उठून आली ते कुणाला कळलं नाही. तिच्या बोटाला एक लेबल चिकटलेलं होतं आणि ते काढायचं तिला सुचलं नव्हतं. थोरल्यानं तिच्याकडे पाहिलं. त्यालाही तो दिवस आठवला होता. सगळ्यांनाच आठवला होता.

तीन वर्षांपूर्वी धाकटी याच टेबलाशी उभी होती. चौदाव्या वर्षापासून अप्पांनी तिला तयार केलं होतं. थोरल्याला भट्टी आणि धाकटीला चमचा, हे घरात कधी न बोलता ठरलेलं. संत्र्याची साल कोणती आणि लिंबाची कोणती, हे ओळखायला तिनं दोन हिवाळे घातले होते. त्या दिवशी तिसऱ्या पेल्याला तिनं चिठ्ठीवर तीनच शब्द लिहिले: हे एक नाही. अप्पांनी ती चिठ्ठी थोरल्याच्या हातातून घेतली, वाचली आणि सगळ्यांसमोर तिला विचारलं, की दहा-बारा वर्षं शिकवून हेच शिकलीस का. ती अडून बसली. पुन्हा वास घ्या म्हणाली. अप्पांनी चमचा आपटला. जीभ कच्ची आणि मिजास पिकलेली, असं ते म्हणाले, आणि ज्याला स्वतःचंच खरं करायचं आहे त्याची या टेबलाशी गरज नाही. आत्या तेव्हा पेल्यात बघत बसली होती. माईनं घड्याळात पाहिलं होतं.

धाकटी भांडली नाही. तिला भांडता आलं असतं, तर बरं झालं असतं. तिनं अप्पांचं खरं मानलं. जी चव आपल्याला इतकी स्पष्ट लागली ती नव्हतीच असं अप्पा म्हणतात, तर आपल्या तोंडाचा भरवसा काय, असं तिच्या मनानं घेतलं. महिनाभर ती गुपचूप पेले करून चाखत राहिली आणि प्रत्येक वेळी तिला वेगळंच काही लागे. मग तिनं सोडून दिलं. सव्विसाव्या वर्षी ती लेबलांच्या बाकावर जाऊन बसली.

"त्या दिवशी तुम्हाला वास आला होता का?" तिनं विचारलं.

"नाही," अप्पा म्हणाले.

"कमी आला होता? सर्दीबिर्दी?"

"नाही गं. त्याच्या आदल्या हिवाळ्यात मला ताप आला होता बघ. तेव्हापासून काहीच येत नाही. कॉफीचा नाही, साबणाचा नाही, धुराचा नाही. कडू कळतं, आंबट कळतं. बाकी नुसतं गरम पाणी."

मग त्यांनी सांगितलं की ते पेल्यांकडे बघतच नव्हते. ते माणसांची तोंडं बघत. कोण कुठल्या पेल्यापाशी जास्त थांबतं, कुणाच्या भुवया वर जातात, त्यावरून अंदाज बांधत आणि कमीत कमी लिहीत. अक्का त्या वर्षी घाबरलेली दिसत होती, पण वाटलं प्रवासानं थकली असेल. आणि मग धाकटीची चिठ्ठी आली. ती म्हणते ते खरं असेल तर पेला परत नाकाशी न्यावा लागेल आणि सगळ्यांना दिसेल. खोटं असेल तर खोटं आहे हेही सांगता येणार नाही. म्हणून तिला गप्प केलं.

थोरल्याच्या बायकोनं भिंतीवरची तार खाली काढली होती. ती चिठ्ठ्या मागे मागे सरकवत होती. चार वर्षांपूर्वीची अप्पांची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरलेली: संत्र्याची साल, ओलं लाकूड, शेवटी मधासारखं काही, मागच्या वर्षीपेक्षा उशिरा येतं. तिच्या अलीकडे त्यांच्याच चार चिठ्ठ्या. चारही सारख्या. जसं होतं तसं. तिनं तार टेबलावर ठेवली. आपण सगळे दर वर्षी या चिठ्ठ्या स्वतःच्या हातांनी ओवत होतो आणि एकालाही शंका आली नाही, असं ती म्हणाली.

धाकटी आता माईकडे बघत होती.

माईला ती नजर येणार हे माहीत होतं. ती गेली चार वर्षं तिची वाट बघत होती म्हटलं तरी चालेल. त्या तापानंतरच्या एका दुपारी ती बाजारातून आली तेव्हा स्वयंपाकघर धुरानं भरलेलं होतं, शेगडीवर दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं होतं, आणि हाताच्या अंतरावर अप्पा शांतपणे पेपर वाचत होते. तिनं शेगडी बंद केली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि दोघांनाही कळलं. कुणाला सांगू नकोस, येईल परत, असं ते म्हणाले. तिनं नाही सांगितलं. महिना, दोन महिने, वर्ष. मग धाकटीचा तो दिवस आला, आणि त्यानंतर सांगायचं म्हणजे आपण त्या दिवशी का गप्प बसलो हेही सांगावं लागणार होतं. म्हणून तिनं घासून घासून ते पातेलं पांढरं केलं, आणि चाखणीच्या दिवशी घड्याळ बघत राहिली.

"तुला माहीत होतं?" धाकटीनं विचारलं.

माईनं होकारार्थी मान हलवली.

अप्पांचं ऐकून धाकटी नुसती सुन्न झाली होती. माईची मान हलली तेव्हा मात्र तिनं दाराची चौकट धरली. अप्पांना अब्रू होती, धंदा होता, नाव होतं. माईला काय होतं? तीन वर्षं रोज दुपारी माई त्या बाकावर तिच्यासाठी चहा आणून ठेवत होती. कॉफी का पीत नाहीस असं एकदाही तिनं विचारलं नव्हतं, आणि हे धाकटीनं समजूतदारपणा म्हणून धरलं होतं.

सगळ्यांत आधी थोरला सावरला. तो वाईट माणूस नाही. फक्त त्याला गप्प खोलीत उभं राहवत नाही. तो म्हणाला की झालं ते झालं, आता डोकं शांत ठेवून बघू. नवी रोपं पुढच्या वर्षी धरणार. म्हणजे प्रश्न एकाच वर्षाचा. त्या लोकांना बुधवारी ओढ्याकाठी नेऊ, तीही झाडंच आहेत, कॅमेऱ्याला उंची कळत नाही. आणि खरं सांगायचं तर इतक्या दिवसांत कुणाचं काही अडलं का?

"तीन वर्षांत एका माणसाला कळलं नाही," तो म्हणाला.

"एका माणसाला कळलं होतं," त्याची बायको म्हणाली. "तिला आपण लेबलं चिकटवायला बसवलं."

लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि सासरच्या माणसांसमोर ती नवऱ्याविरुद्ध कधी बोलली नव्हती. थोरल्यानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू भट्टीच उलटून बोलली. पण ती थांबली नाही. उद्यापासून दुकानात ती हे नाव सांगून पेला कुणाच्या हातात देणार नाही, हेही तिनं सांगून टाकलं. आत्यानं मान डोलावली. पोत्यावर बसल्या बसल्याच ती म्हणाली, की लेबलावरचा 'एक' खोडून टाका. टप्पा तिचा आहे, नावही तिचंच समजा, आणि ती ते परत घेते आहे. झाडं येतील तेव्हा येईल. नवं कसं लागेल कुणास ठाऊक, कदाचित एक म्हणायच्या लायकीचं नसेलही.

मग ती धाकटीशी बोलली. "मला त्या दिवशी ठाऊक होतं, तू खरं बोलतेयस. या टेबलाशी मला आणि माझ्या मुलालाच ठाऊक होतं. मी पेल्यात बघत बसले. मला वाटलं, तुझ्या बापानं माझ्यासाठी तुझा अपमान केला. मला त्याचा गर्व झाला गं."

धाकटीला रडू येत नव्हतं, रागही नीट येत नव्हता. इतकी माणसं, आणि प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, आणि तो प्रत्येकानं मायेपोटी किंवा भीतीपोटी पदराआड धरला होता. फक्त तिच्याकडे सबंध खरं होतं आणि तेच तिनं टाकून दिलं होतं.

अप्पा खुर्चीतून उठले. त्यांनी आपला चमचा पुसला आणि तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला नाही. त्यांनी तो टेबलावर ठेवला. खिशातून चष्म्याचं घर काढलं. त्याच्या अस्तराखालून चार घड्या घातलेला एक कागद काढला, उलगडला आणि तळहातानं सरळ केला. पेन्सिलीची अक्षरं घड्यांवर पुसट झाली होती. हे एक नाही.

"फाडायला हात होईना," ते म्हणाले. "आणि ओवायचं धाडस झालं नाही."

त्यांनी तार जवळ ओढली. त्या वर्षाची जागा शोधायला त्यांना वेळ लागला, कारण वरच्या चिठ्ठ्या आधी काढाव्या लागल्या. कुणी मदत केली नाही. ती चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या चिठ्ठीच्या वर, शेवटची म्हणून, ओवली.

धाकटीनं ते सगळं पाहिलं. मग बोटाचं लेबल सोलून काढलं आणि टेबलाच्या कडेला चिकटवलं.

"माई, पाणी ठेव," ती म्हणाली. "पहिल्यापासून करू."

पेले धुतले गेले. थोरल्यानं काही न बोलता तिन्ही नमुने मोजून दळले. मौनीनं चिकटपट्ट्यांवर आकडे घालून त्या पेल्यांच्या तळाला लावल्या आणि पेल्यांच्या जागा बदलल्या. पाणी पडलं, आणि नियमाप्रमाणे खोली गप्प झाली. या वेळी मात्र सगळे एकमेकांची तोंडं बघायला घाबरत होते.

"चार मिनिटं," माई म्हणाली.

साय धाकटीनं फोडली. पहिल्या पेल्याशी ती थांबली, पुढे गेली, परत मागे आली. घोट घेतला, थुंकला. दुसरी फेरी. तिच्या कपाळावर घाम आला होता. वास येत होते, भरपूर येत होते, पण एकेकाळी ते जसे ओळीनं उभे राहून आपली नावं सांगत तसे आता सांगत नव्हते. तिसऱ्या पेल्यावर ती इतका वेळ वाकून राहिली की आत्यानं डोळे मिटून घेतले. तिसरी फेरी झाल्यावर तिनं चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि भावाच्या हातात दिली. अप्पांनी पेन्सिल हातात घेतलीच नव्हती. शेवटची चिठ्ठी धाकटीची होती.

थोरल्यानं ती उलगडली. आधी मनात वाचली आणि बहिणीकडे पाहिलं. ती वाच म्हणाली.

"माहीत नाही," त्यानं वाचलं.

माईच्या तोंडून हुंदका निघाला. धाकटी तिच्याकडे वळली नाही. ती अप्पांना सांगत होती, साध्या आवाजात, शिकताना सांगायची तशी.

"तिसरा ओढ्याकाठचा असावा असं वाटतं. पण तसं वाटणं आणि कळणं, यांतला फरक आता मला सांगता येत नाही. तीन वर्षं मी तोंडावर विश्वास ठेवला नाही. ते गेलंय की आहे, तेसुद्धा माहीत नाही."

अप्पांनी चिठ्ठीसाठी हात पुढे केला. आजोबांच्या दिवसांपासूनच्या त्या तारेत, इतक्या शेकडो चिठ्ठ्यांत, ते दोन शब्द कुणी लिहिले नव्हते. चार वर्षांत अप्पांना तेवढेच दोन शब्द लिहायचे होते. त्यांनी चिठ्ठी ओवली आणि तार हातात धरूनच ते खाली बसले, आणि सगळ्यांसमोर रडले. त्यांच्या पाठीवर हात ठेवायला आत्या उठली, पण मध्येच थांबली, कारण आपण कुणाच्या पाठीवर हात ठेवतो आहोत हे तिला अजून नीट उमगलं नव्हतं.

पुढे दुकानात कुणीतरी घंटी वाजवली. थोरल्याची बायको गेली. थोरला कॅफेवाल्यांचा नंबर शोधत बाहेर निघाला. काय सांगायचं ते त्याला अजून सुचत नव्हतं. धाकटीनं टेबलावरचा अप्पांचा चमचा उचलला, गरम पाण्यात बुडवून काढला आणि पहिल्या पेल्यापासून परत सुरुवात केली.